ग्रॅच्युइटीचा हिशेब आणि हिशेबाबाहेरची माणसे

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता अमलात आणल्या आणि १९७२ सालचा उपदान प्रदान अधिनियम, म्हणजे आपल्या बोलीतला ग्रॅच्युइटीचा कायदा, सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. या घटनेची महानगरांत पुष्कळ चर्चा झाली. पण ती बहुतांशी मोठ्या पगाराच्या नोकरदारांच्या हाती दरमहा किती रुपये कमी पडतील, या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. पैनगंगेच्या काठच्या या गावात अनुदानित शाळा आहेत, विनाअनुदानित शाळा आहेत, नगर परिषद आहे, बाजार समिती आहे, एस. टी.चे आगार आहे, पतसंस्था आहेत आणि बाजारपेठेत दोन-चार नोकरांवर चालणारी दुकाने आहेत. एकाच गल्लीत राहणारी, एकाच वयाची आणि सारखीच वर्षे राबलेली चार माणसे येथे निवृत्त झाली, तर त्यांच्या उपदानाचा हिशेब निरनिराळ्या रीतींनी होतो आणि त्यांतल्या एखाद्याचा तर होतच नाही. सूत्र अवघड आहे म्हणून असे घडते असे नाही. सातवीतल्या विद्यार्थ्याला सोडविता येईल इतके ते सोपे आहे. वाद आहे तो त्या सूत्रात कोणते आकडे घालावयाचे याचा. या कायद्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे त्या आकड्यांवरून चाललेली ओढाताण होय.

ग्रॅच्युइटी या शब्दाचा मूळ अर्थच मुळी खुशीने दिलेले बक्षीस असा आहे, आणि दीर्घकाळ तिचे स्वरूपही तसेच होते. मालकाची मर्जी असेल तर निरोपाच्या वेळी काही रक्कम हाती पडे; मर्जी नसेल तर शाल आणि श्रीफळ. स्वातंत्र्यानंतर औद्योगिक न्यायाधिकरणांपुढे कामगार संघटनांनी हा विषय नेटाने मांडला. मुंबईच्या गारमेंट क्लीनिंग वर्क्सच्या प्रकरणात, साठच्या दशकाच्या प्रारंभी, सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटी ही मालकाची कृपा नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असा स्पष्ट निर्वाळा दिला. त्याच दशकाच्या अखेरीस दिल्ली क्लॉथ मिल्सच्या प्रकरणात मात्र हिशेब सामान्यतः मूळ वेतनावरच करावा, महागाई भत्ता त्यात धरू नये, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. महागाई भत्ता हाच ज्यांच्या पगाराचा मोठा भाग, त्या गिरणी कामगारांच्या दृष्टीने हे देणे अर्धे कापून देण्यासारखे होते. केरळने १९७० साली व पश्चिम बंगालने १९७१ साली आपापले कायदे केले. संसदेने १९७२ साली सर्व देशासाठी कायदा केला व तो १६ सप्टेंबर १९७२ पासून लागू झाला. त्यात वेतनाच्या व्याख्येत महागाई भत्ता नावानिशी घातला गेला. बोनस, कमिशन, घरभाडे, जादा कामाचे वेतन आणि इतर भत्ते वगळले गेले. ‘इतर भत्ते’ हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढची सारी पळवाट तेथून निघाली.

सूत्र असे की, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावयाचे, व वेतन अखेरचे धरावयाचे. अखेरच्या तुकड्यात सहा महिन्यांहून अधिक सेवा झाली असेल तर तेही पूर्ण वर्ष समजावयाचे. आता पंधरा दिवसांचे वेतन म्हणजे किती? मालक म्हणाले, महिना तीस दिवसांचा, तेव्हा पंधरा दिवस म्हणजे निम्मा पगार. कामगारांचे म्हणणे असे की, महिन्यातले चार रविवार हे विश्रांतीचे दिवस आहेत. महिन्याचा पगार प्रत्यक्षात सव्वीस दिवसांच्या श्रमाने मिळविलेला असतो, म्हणून एका दिवसाचे वेतन काढताना सव्वीसने भागले पाहिजे. जामनगरच्या दिग्विजय वुलन मिल्सच्या प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सव्वीसचा हिशेब ग्राह्य धरला, १९८४ साली जीवनलाल कंपनीच्या प्रकरणात तोच कायम केला आणि १९८७ च्या दुरुस्तीने तो कायद्याच्या मजकुरातच आला. असे असूनही गावोगावच्या संस्थांत आजही निम्म्या पगारावर आकडेमोड झालेली आढळते. ती दर वेळी लबाडीनेच होते असे म्हणता येणार नाही. हिशेबनिसाने आधीच्या हिशेबनिसाचा कागद समोर ठेवलेला असतो, इतकेच.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका पतसंस्थेतील लेखनिक सत्तावीस वर्षे सात महिने नोकरी करून निवृत्त झाला. त्याचे अखेरचे एकूण वेतन दरमहा २४,००० रुपये. त्यांपैकी मूळ वेतन ६,०००, महागाई भत्ता ३,००० आणि उरलेले १५,००० घरभाडे व प्रवासभाडे या नावांखाली. संस्थेने केवळ मूळ वेतन धरले, तीसने भागले आणि वरचे सात महिने सोडून दिले, तर त्याच्या हाती ८१,००० रुपये पडतील. सात महिन्यांचे वर्ष धरून अठ्ठावीस वर्षे केली तर ८४,०००. सव्वीसने भागले तर सुमारे ९६,९२३. त्यात महागाई भत्ता मिळविला तर १,४५,३८५. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे हीच खरी रक्कम होती. नव्या संहितेने वेतनाची व्याख्या बदलली आहे. वगळावयाचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा भाग वेतनातच धरावा लागतो. येथे भत्ते १५,००० आहेत आणि निम्मे होतात १२,०००. म्हणून जादा ३,००० वेतनात येतील, वेतन १२,००० होईल व उपदान सुमारे १,९३,८४६ होईल. माणूस तोच, नोकरी तीच. ८१ हजार आणि १ लाख ९४ हजार यांमधील अंतर म्हणजे तालुक्याच्या गावात एका मुलीचे शिक्षण होय, आणि हे अंतर चार-पाच लहानशा नोंदींतून निर्माण होते.

या उदाहरणातील घरभाडे आणि प्रवासभाडे हे काही योगायोगाने वाढलेले नाहीत. भविष्य निर्वाह निधीचा आणि उपदानाचा भार हलका राहावा म्हणून मूळ वेतन मुद्दाम लहान ठेवावयाचे आणि बाकीचे पैसे भत्त्यांच्या नावाने द्यावयाचे, ही रीत मोठ्या कंपन्यांनी सुरू केली व लहान संस्थांनी उचलली. नोकरी लागते त्या दिवशी हाती येणारी एकूण रक्कम पाहून कोणीही समाधान मानतो. मूळ वेतन किती, हे विचारणारा तरुण विरळा. निम्म्याची अट ही त्या दृष्टीने संहितेतील सर्वांत चांगली गोष्ट आहे, असे आमचे मत आहे. कामगार संघटनांचे संहितांवर अनेक आक्षेप आहेत व त्यांतले काही रास्तही आहेत. पण या एका कलमाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. अर्थात, नवी व्याख्या जुन्या वर्षांना लावावयाची की नाही यावरून तंटे होणारच. संहितेतही दर अखेरच्या वेतनाचाच आहे. त्याचा सरळ अर्थ लावला तर सेवेचे तुकडे पाडून काहींना जुने व काहींना नवे वेतन लावण्यास जागा दिसत नाही.

वेतनानंतरचा दुसरा आकडा वर्षांचा. त्यासंबंधी सोलापूरच्या लक्ष्मी विष्णु टेक्स्टाइल मिल्सचे प्रकरण महाराष्ट्राने विसरू नये. तेथील बदली कामगारांनी आणि काही कायम कामगारांनीही उपदान मागितले होते. बदली कामगार म्हणजे दररोज सकाळी गिरणीच्या दाराशी येऊन, कोणी गैरहजर असल्यास त्याच्या जागी उभा राहणारा. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ज्या वर्षी प्रत्यक्ष २४० दिवस काम झाले नाही ते वर्ष मोजता येणार नाही. विनारजा गैरहजर राहिलेल्या कायम कामगारालाही हाच नियम. कायद्याच्या शब्दांप्रमाणे तो निर्णय बरोबर असेलही. पण दाराशी येऊन काम न मिळता परत जाणाऱ्याचा दोष काय, याचे उत्तर त्या शब्दांत नव्हते. संसदेने १९८४ साली दुरुस्ती केली. त्यानंतर केवळ विनारजा गैरहजेरीने सेवा खंडित होत नाही; तसा खंड मानणारा रीतसर आदेश निघालेला असावा लागतो. बदली कामगाराच्या वाट्याला मात्र २४० दिवसांची अट राहिलीच.

गिरण्यांतला बदली कामगार आता जवळजवळ इतिहासजमा झाला आहे. त्याची जागा विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाने घेतली आहे, असे म्हटले तर कोणाला ते अतिशयोक्त वाटेल. पण अकरा महिन्यांच्या नेमणुकीचा आदेश ज्याने पाहिला आहे त्याला वाटणार नाही. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलअखेर मुक्ती आणि पुन्हा जूनमध्ये नवी नेमणूक, अशी दहा-दहा वर्षे ज्यांची गेली त्यांच्या सेवेची अखंडता हा कायद्याचा प्रश्न होण्यापूर्वीच कागदावर मारली गेलेली असते. संहितेने ठराविक मुदतीच्या नोकरांना पाच वर्षांची अट काढून टाकली आहे. सरकारच्या निवेदनानुसार एक वर्षाच्या सेवेनंतर ते प्रमाणशीर उपदानास पात्र होतात. हे स्वागतार्ह आहे. परंतु अकरा महिने हा आकडा बारापेक्षा एकाने कमी आहे, आणि संस्थाचालकांना वजाबाकी येत नाही असे समजणे भाबडेपणाचे होईल.

शिक्षकांचा या कायद्याशी असलेला संबंध तर एका दीर्घ खटल्याचा विषय ठरला. केंद्र सरकारने ३ एप्रिल १९९७ च्या अधिसूचनेने दहा किंवा अधिक नोकर असलेल्या शैक्षणिक संस्थांना कायदा लागू केला. जानेवारी २००४ मध्ये अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिक्षक हा कायद्याच्या व्याख्येतील ‘कर्मचारी’च नव्हे, कारण व्याख्येत कुशल, अर्धकुशल, अकुशल, शारीरिक, पर्यवेक्षकीय, तांत्रिक आणि कारकुनी काम आहे, अध्यापन नाही. त्यामुळे शाळेतील शिपायाला व लेखनिकाला उपदान मिळावयाचे आणि वर्गात शिकविणाऱ्याला नाही, अशी विलक्षण स्थिती काही वर्षे होती. २००९ साली संसदेने व्याख्या बदलली व ती १९९७ पासून मागे लागू केली. खाजगी शाळांच्या संघटनांनी त्यालाही आव्हान दिले आणि २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरविली. अधिसूचनेपासून शेवटच्या निकालापर्यंत पंचवीस वर्षे! या पंचवीस वर्षांत निवृत्त झालेल्या कित्येकांना आपला हक्क पुनरुज्जीवित झाल्याचे कोणी कळविलेही नसेल.

अनुदानित शाळांतील शिक्षक आणि सरकारी लेखनिक यांची वाट वेगळी. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे त्यांना दर सहामाहीस वेतनाचा एक चतुर्थांश, अशी जास्तीत जास्त साडेसोळा पट रक्कम मिळते. राज्याने तिची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाखांवर नेली. एक चतुर्थांश सहामाहीला, म्हणजे वर्षाला निम्मा पगार. येथे सव्वीसचा भागाकार नाही. तरीही हा वर्ग सुस्थितीत मानला जातो, कारण त्याची रक्कम ठरलेली असते आणि कोषागारातून येते. मात्र १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाबरोबर हे उपदानही गमवावे लागले होते. मार्च २०२३ च्या संपानंतर, ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने, ते परत मिळाले. शासन स्वतः मालक असते तेव्हा तेही संपाशिवाय हिशेब दुरुस्त करीत नाही, ही गोष्ट खाजगी संस्थाचालकांना उपदेश करताना अडचणीची ठरते.

कमाल मर्यादेविषयी थोडेसे. १९७२ साली ती वीस महिन्यांच्या वेतनाइतकी होती. १९८७ साली ५० हजार, १९९७ साली साडेतीन लाख, २०१० साली १० लाख आणि मार्च २०१८ पासून २० लाख. प्रत्येक वाढीच्या वेळी मोठे मथळे झळकले. मेहकरच्या लेखनिकाला ही मर्यादा शिवतही नाही. त्याच्या दृष्टीने छत किती उंच आहे यापेक्षा पायाखाली जमीन आहे की नाही, हे महत्त्वाचे.

एस. टी.च्या चालक-वाहकांच्या बाबतीत आणखी एक भीती असते, ती जप्तीची. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी बडतर्फी झाली तर उपदान अंशतः वा पूर्णतः जप्त करता येते. त्यासाठी फौजदारी न्यायालयात दोष सिद्ध झाला पाहिजे, असे २०१८ पासून मानले जात होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेस्टर्न कोलफील्ड्स आणि महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ यांच्या अपिलांत तशी आवश्यकता नाही असे ठरविले. पण तिकिटाच्या पैशांचा अपहार केलेल्या वाहकांच्या बाबतीत जप्ती उपदानाच्या पंचवीस टक्क्यांपुरतीच ठेवली. अपहाराचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु किरकोळ रकमेसाठी साऱ्या आयुष्याची पुंजी काढून घेणे हे प्रमाणाला सोडून आहे, हे न्यायालयाने मानले याची नोंद प्रत्येक आगारातील सूचनाफलकावर असावयास हवी.

हक्क आहे हे कळल्यावरही तो मागणे लहान गावात सोपे नाही. संस्थेचा अध्यक्ष आणि तिचा लेखनिक यांची बालाजीच्या मंदिरात गाठ पडते, लग्नकार्यात पंगत एक असते. तेथे अर्ज करणे म्हणजे वैर धरणे, असा अर्थ लावला जातो. कायद्याने म्हणूनच एक शहाणपणाची तरतूद केली होती: अर्ज आलेला असो वा नसो, रक्कम ठरवून कर्मचाऱ्याला लेखी कळविण्याची व तीस दिवसांत देण्याची जबाबदारी मालकाची आहे. विलंब झाला तर व्याज, आणि जुन्या कायद्याखाली ते १९८७ पासून दरसाल दहा टक्के होते. रक्कम दिली नाही तर जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होई. कमी रकमेच्या पावतीवर ‘सर्व पावले’ असे लिहून घेतले म्हणजे हक्क बुडतो ही समजूतही चुकीची आहे. कायद्याहून कमी देणारा करार कायद्यापुढे टिकत नाही. संस्थाच बुडाली तर काय, हा प्रश्न पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांना चांगलाच परिचित आहे. त्यासाठी सक्तीच्या विम्याचे कलम १९८७ सालीच घातले गेले, पण त्याची अंमलबजावणी सरकारांवर सोपविली गेली. कर्नाटकाने त्याचे नियम केले ते २०२४ साली. नव्या संहितेतही विम्याची तरतूद आहे. महाराष्ट्र सरकारने तिच्याबाबत सदतीस वर्षे घेऊ नयेत.

अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदान लागू आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातच्या प्रकरणात दिला. त्यांना मिळते ते वेतन नसून मानधन आहे, हा सरकारचा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला नाही. तरीही महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांना डिसेंबर २०२३ पासूनच्या दीर्घ संपात हीच मागणी पुन्हा करावी लागली.

राहता राहिली बाजारपेठ. कापडाचे दुकान, किराणा, कृषी सेवा केंद्र, औषधाचे दुकान: येथे पंचवीस-तीस वर्षे गल्ल्यामागे उभा राहिलेला माणूस असतो. मालकाच्या मुलांना त्याने कडेवर खेळविलेले असते, उधारीची वही त्याच्याइतकी कोणाला पाठ नसते. त्याला उपदान मिळत नाही, कारण दुकानात दहा नोकर नाहीत. कारखान्याला नोकरांच्या संख्येची ही अट नाही, दुकानाला आहे. एकदा दहा झाले की पुढे संख्या घटली तरी कायदा लागू राहतो, म्हणून काही ठिकाणी नववा नोकर हजेरीपटावर शेवटचा ठरतो आणि दहावा ‘घरचा’ म्हणून राहतो. १९७२ साली संख्येची मर्यादा घालताना लहान दुकानदाराला हिशेबाचा भार पेलणार नाही, असे मानले गेले असेल. आज तोच दुकानदार दरमहा वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरतो आणि रोजची उलाढाल मोबाइलवर पाहतो. त्याला वर्षाकाठी एका नोकराचे पंधरा दिवसांचे वेतन बाजूला टाकता येणार नाही, हे पटत नाही. मुदतीचे नोकर आणि वेतनाची व्याख्या यांबाबत जुन्या कायद्यात फेरबदल करणाऱ्या संहितेने दहाची ही अट मात्र जशीच्या तशी उचलून घेतली आहे.